सिडनीत रस्त्यावरची ड्रग टेस्ट: पोलीस काय तपासतात, दंड किती, लायसन्सचं काय होतं

न्यू साउथ वेल्समध्ये गाडी चालवणाऱ्या सगळ्यांना हे लागू आहे, लायसन्स इथलं असो की महाराष्ट्रातल्या आरटीओचं. आपल्याकडच्या कायद्यापेक्षा एक फरक मोठा आहे. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लावताना नशेमुळे गाडीवर नीट ताबा ठेवण्याच्या स्थितीत चालक नव्हता, हे दाखवावं लागतं. इथे रोड ट्रान्सपोर्ट ॲक्ट २०१३ च्या कलम १११ खाली पदार्थ लाळेत, रक्तात किंवा लघवीत सापडला की पुरे. तुम्ही गाडी किती छान चालवत होता, हे कुणी विचारत नाही.

लाळेत चार गोष्टी शोधतात: गांजातलं टीएचसी (नशा आणणारा घटक), मेथॅम्फेटामिन (आइस, स्पीड), एमडीएमए (एक्स्टसी) आणि २०१८ पासून कोकेन. होळीच्या थंडाईतल्या भांगेतही टीएचसीच असतं, आणि ‘काल रात्री घेतली होती’ हा बचाव होत नाही. सर्दीच्या गोळ्या या टेस्टमध्ये दिसत नाहीत, तेव्हा उगाच घाबरू नका.

पोलीस कुठेही थांबवू शकतात, संशय असावाच लागतो असं नाही. लायसन्स जवळ हवंच. ते फोनमध्ये असेल तर पोलिसांनी मागितल्यावरच फोन हातात घ्या. मग तुम्हाला टेस्टची पट्टी जिभेवरून फिरवायला सांगतात, निकाल काही मिनिटांत येतो. पॉझिटिव्ह आला तर पोलिसांच्या गाडीत किंवा ठाण्यात लाळेचा दुसरा नमुना घेतात. तोही पॉझिटिव्ह आला की नमुना प्रयोगशाळेत जातो आणि तुम्हाला २४ तास गाडी चालवायला बंदी. टेस्टला नकार देणं हा वेगळा गुन्हा आहे, त्यातून सुटका होत नाही.

प्रयोगशाळेने दुजोरा दिल्यावर शिक्षा. पहिलाच गुन्हा असेल तर मे २०१९ पासून पोलीस कोर्टात न जाता दंडाची नोटीस देऊ शकतात, सोबत लायसन्स तीन महिने निलंबित. रक्कम दरवर्षी बदलते, नोटिशीवर असेल तीच खरी. प्रकरण कोर्टात गेलं तर पहिल्या गुन्ह्याला २,२०० डॉलरपर्यंत दंड आणि लायसन्स सहा महिने रद्द. मॅजिस्ट्रेट ते तीन महिन्यांपर्यंत खाली आणू शकतात. पाच वर्षांत पुन्हा सापडलात तर दंड ३,३०० पर्यंत, लायसन्स बारा महिने जातं, कमीत कमी सहा. नशेत गाडी चालवल्याचं सिद्ध झालं तर तो आणखी वरचा गुन्हा, त्यात तुरुंगवासही आहे.

दोन गोष्टी लोकांच्या लक्षात येत नाहीत. मुलाला एल लावून गाडी शिकवायला शेजारी बसलेल्या आईबाबांनाही हेच कलम लागतं. आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घेतलेलं औषधी कॅनाबिस (गांजापासूनचं औषध) न्यू साउथ वेल्समध्ये बचाव ठरत नाही. टास्मानियात अशा रुग्णांना कायद्यात सूट आहे. व्हिक्टोरियात मार्च २०२५ पासून त्यांचं लायसन्स रद्द करायचं की नाही, हे मॅजिस्ट्रेट ठरवू शकतात. राज्याची हद्द ओलांडली की नियम बदलतो.

नोटीस मान्य नसेल तर दंड भरण्याऐवजी कोर्ट निवडता येतं, पण पैसे भरण्याआधीच वकिलाशी बोला. टेम्पररी व्हिसावाल्यांनी तर नक्कीच, कारण कोर्टात दोषी ठरलात तर ते पुढे व्हिसा आणि पीआरच्या (कायमच्या वास्तव्याच्या) फॉर्मवर लिहावं लागतं. वकिलाकडे जाताना नोटीस, लायसन्स, व्हिसाची प्रत, आणि कामासाठी गाडी लागत असेल तर कंपनीचं पत्र सोबत न्या.