देवाची लेकरे : ख्रिस्ती दत्तकपणाचा सिद्धांत

ख्रिस्तावर विश्वास ठेवून बाप्तिस्मा घेणारा माणूस देवाचा नुसता चाकर राहत नाही, तो त्याच्या घरातले लेकरू आणि वारस होतो, अशी ख्रिस्ती धर्माची शिकवण आहे. धर्मशास्त्रात तिला ‘दत्तकपण’ म्हणतात. मुंबईच्या मराठी मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या समुदायांत, मात्र ‘प्रभूची लेकरे’ हेच शब्द रोजच्या तोंडी आहेत. त्याच माणसांच्या प्रार्थनेत ‘तुझा दास’, ‘तुझी दासी’ असेही येते आणि पाळकसाहेबांचा उल्लेख आदराने ‘देवाचे दास’ असा होतो. लेकरू आणि दास ही दोन नाती एकाच माणसात कशी नांदतात, हा या सिद्धांतातला खरा प्रश्न आहे.

शिकवणीचा मुख्य आधार म्हणजे बायबलच्या नव्या करारातली प्रेषित पौलाची दोन पत्रे, गलतीकरांस (अध्याय 4) आणि रोमकरांस (अध्याय 8). पौल ज्या जगात लिहीत होता तिथे रोमन कायद्याने दत्तक जाणाऱ्याचे जुन्या घराशी असलेले कायदेशीर नाते तुटे, त्याला नवे नाव मिळे आणि वारसाहक्क सख्ख्या मुलाइतकाच असे. ज्युलियस सीझरने मृत्युपत्राने दत्तक घेतलेला ऑक्टेव्हियन पुढे सम्राट ऑगस्टस झाला, हे त्या काळी कोणाला सांगावे लागत नसे. पौल म्हणतो, वारस अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, असतो तोवर त्याच्यात आणि घरच्या दासात काही फरक दिसत नाही. वेळ भरली की तो वारसा घेतो. विश्वासणाऱ्यांना आता भीतीने वागायचे कारण उरलेले नाही, ते देवाला ‘अब्बा, बापा’ अशी हाक मारतात. गलतीकरांस पत्रातच थोडे आधी (3:28) पौलाने यहुदी आणि हेल्लेणी (ग्रीक), दास आणि स्वतंत्र, पुरुष आणि स्त्री हा भेद ख्रिस्तात उरत नाही असे लिहिले आहे. वारसा मुलींनाही तितकाच आहे, हे त्यातून निघते. तरीही रोमकरांस पत्राच्या पहिल्याच ओळीत पौल स्वतःला ख्रिस्ताचा दास म्हणवतो. सेवा संपत नाही. घरात जागा मिळावी म्हणून ती करावी लागत नाही, एवढेच बदलते, आणि हे ‘एवढेच’ फार मोठे आहे.

लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला या बाबतीत पौलापेक्षाही बोलका आहे. आपला वाटा घेऊन गेलेला आणि तो उधळून बसलेला धाकटा मुलगा परतताना वाटेतच वाक्य जुळवून ठेवतो : बाबा, मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला तुमच्या एखाद्या मजुरासारखे ठेवा. प्रत्यक्ष भेटीत तो पहिला अर्धा भाग म्हणतो, आणि मजुरीची मागणी तोंडातून निघण्याआधीच बाप चाकरांना उत्तम झगा, अंगठी आणि पायात जोडा आणायला सांगतो. दास अनवाणी वावरत, म्हणून तो जोडा महत्त्वाचा. थोरला मुलगा मात्र घरातच राहून चाकर झालेला आहे. इतकी वर्षे राबलो, मला एक करडूही मिळाले नाही, असा हिशेब तो मांडतो. बाप त्याला म्हणतो, जे माझे ते सगळे तुझेच आहे. उपदेशात धाकट्याची गोष्ट रंगवून सांगितली जाते. मंडळीत वर्षानुवर्षे इमानाने राबणाऱ्यांना थोरल्याची गोष्ट अधिक लागू पडते आणि ती त्यांना सांगितली गेली पाहिजे.

प्राचीन चर्चमध्ये बाप्तिस्मा न झालेल्यांना ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना म्हणू देत नसत. ती बाप्तिस्म्याच्या तोंडावर शिकवली जाई. रोमन कॅथलिक मिस्सात (मुख्य उपासनाविधीत) आजही तिच्याआधी याजक जी प्रस्तावना करतो, तिच्या मूळ लॅटिन शब्दांत ‘आम्ही असे म्हणण्याचे धाडस करतो’ असा भाव आहे. निकियाच्या बिशपांच्या परिषदेने (325) ख्रिस्त हा स्वभावतःच पुत्र आहे असे ठरवले; बाकीचे सारे कृपेने लेकरे ठरतात. प्रॉटेस्टंट परंपरेत वेस्टमिन्स्टरच्या विश्वासकबुलीत, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत निवेदनात, दत्तकपणाला स्वतंत्र अध्याय मिळाला. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी आपल्या आधीच्या आयुष्याबद्दल नंतर टीप लिहिली, की तेव्हाही माझ्यापाशी दासाचा विश्वास होता, पुत्राचा नव्हता. 1788 च्या एका प्रवचनात मात्र त्यांनी दासाच्या विश्वासालाही कमी लेखू नका, असे बजावले.

मुंबईत ही शिकवण आली तेव्हा तिला लगेच घर आणि वारसा या प्रश्नांशी भिडावे लागले. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी 1813 साली इथे उतरले. 1843 मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याचा सुमारे बारा वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता. वडील मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात गेले आणि मुलगा अज्ञान म्हणून त्याचा ताबा त्यांना मिळाला. पण मिशनऱ्यांकडे जेवलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचे की नाही यावरून वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीची बाजू घेतली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. स्वर्गीय पिता लाभल्याची साक्ष देताना अशा जन्मदात्या बापांचे दुःख बाजूला सारता येत नाही. धर्मांतरितांचा वडिलार्जित मालमत्तेवरचा हक्क 1850 च्या एकविसाव्या कायद्याने राखला. घराचे दार उघडे ठेवणे कायद्याच्या हातात नव्हते.

मुंबईच्या अनेक मराठी प्रॉटेस्टंट कुटुंबांची मुळे अहमदनगर भागातल्या महार आणि मांग वस्त्यांत आहेत. तिथे गावकीची चाकरी जन्मानेच पदरी येई. वतनाच्या नावाखाली बाप राबे, पुढे मुलगा राबे. महार वतने कायद्याने रद्द व्हायला 1958 साल उजाडले. ज्याच्या वाट्याला वारसा म्हणून चाकरीच आली, त्याला ‘तू चाकर नाहीस, वारस आहेस’ हे ऐकताना काय वाटले असेल, हे पौलाच्या कुठल्याही भाष्यापेक्षा अधिक सांगून जाते. मंडळ्यांतूनही जात पुरती गेली नाही. एका बापाची लेकरे म्हणवणाऱ्यांनी याचे उत्तर द्यायला हवे.

मराठी मनाला ही भाषा परकी नव्हती. जनाबाई स्वतःला ‘नामयाची दासी’ म्हणवते आणि विठ्ठलाला आईही म्हणते. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक याच वाटेने ख्रिस्ताला माउली म्हणून आळवत राहिले. 1917 मध्ये त्यांनी साताऱ्यात सुरू केलेल्या ‘देवाचा दरबार’ या ख्रिस्तभक्तांच्या संघात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

भारतीय कायद्याने ख्रिस्ती लोकांना दत्तक घेण्याची सोय फार उशिरा दिली. 1956 चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यापुरता आहे. ख्रिस्ती दांपत्याला 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली केवळ पालकत्व मिळे, म्हणजे मूल घरात वाढे पण वारस ठरत नसे. मुंबई उच्च न्यायालयाने एका ख्रिस्ती दांपत्याच्या अर्जावर दत्तक घेण्याचा हक्क मान्य केला. पुढे बाल न्याय कायद्याने, 2006 च्या दुरुस्तीनंतर स्पष्टपणे आणि 2015 च्या नव्या कायद्यातही, धर्म न पाहता दत्तक मुलाला पोटच्या मुलाचे सर्व हक्क दिले.