सेलेनियमाचा अतिरेक आणि मज्जासंस्था

सेलेनियम हे शरीराला अत्यल्प प्रमाणात आवश्यक असणारे मूलद्रव्य आहे. प्रौढांची दैनंदिन गरज सुमारे ५५ मायक्रोग्रॅम मानतात. अमेरिकेत २००० साली सुरक्षित कमाल मर्यादा ४०० मायक्रोग्रॅम ठरली, तर युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये ती २५५ मायक्रोग्रॅम केली. दीर्घकाळ यापेक्षा बरेच अधिक सेलेनियम पोटात गेल्यास सेलेनोसिस ही विषबाधा होते. केस व नखे गळणे आणि श्वासाला लसणासारखा वास येणे ही तिची परिचित लक्षणे असली, तरी तिचा गंभीर भाग मज्जासंस्थेचा आहे.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा चीनच्या हूबेई प्रांतातील एन्शी परिसरातून मिळाला. तेथील दगडी कोळशाच्या थरांत सेलेनियम विपुल असून झीज होऊन ते शेतजमिनीत व पिकांत उतरते. १९६१ ते १९६४ या काळात दुष्काळाने भात बुडाला आणि लोकांना याच जमिनीतील मका व भाजीपाल्यावर राहावे लागले. सर्वाधिक बाधित पाच गावांत जवळजवळ निम्मे लोक आजारी पडले. यांग ग्वांगची व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार बाधित भागातील सरासरी सेवन दिवसाला सुमारे ५ मिलिग्रॅम होते. एका अतिबाधित गावात रुग्णांच्या हातापायांना प्रथम मुंग्या, बधिरता व वेदना जाणवत, कंडरांच्या (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या तंतूंच्या) प्रतिक्षिप्त क्रिया तीव्र होत, आणि पुढे काहींना झटके किंवा पक्षाघातही झाला.

इजा नेमकी कशी होते, याचे एकच स्पष्टीकरण पुरेसे नाही. सेलेनाइटसारखी असेंद्रिय संयुगे प्रथिनांतील गंधकयुक्त गटांशी अभिक्रिया करून ऑक्सिडीकारक ताण, म्हणजे ऑक्सिडीभवनाने पेशींना होणारी इजा, वाढवतात. म्हणजे योग्य मात्रेत पेशींचे ऑक्सिडीभवनापासून रक्षण करणारे द्रव्य अतिरेकात त्याच मार्गाने घातक ठरते. डुकरांच्या खाद्यात सेलेनियम जास्त झाल्यास मेरुरज्जूतील करड्या द्रव्याचा (चेतापेशी असलेल्या भागाचा) ऱ्हास होऊन पाय लुळे पडतात. इटलीतील रेज्जो एमिलिया येथे असेंद्रिय सेलेनियम असलेले नळाचे पाणी दीर्घकाळ पिणाऱ्यांमध्ये चालक चेतापेशींचा ऱ्हास करणारा एएलएस हा आजार अधिक आढळला. मात्र रुग्णसंख्या लहान असल्याने यावरून कार्यकारणभाव सिद्ध झाला असे म्हणता येत नाही.

या विषबाधेवर खात्रीचा उतारा नाही. सेवन तत्काळ थांबवणे हाच मुख्य उपाय होय. २००८ मध्ये अमेरिकेत सेलेनियमची मात्रा चुकलेल्या द्रवरूप आहारपूरकामुळे २०१ जण आजारी पडले, तेव्हा अनेकांचा थकवा ९० दिवसांनंतरही टिकून होता.