रणगाड्याचं वजन आणि काळी माती

श्रावणात झड लागली की विदर्भातल्या पांदण रस्त्यावर हे दरवर्षी दिसतं. पहिली बैलबंडी निघून जाते, दुसरी कशीबशी निघते, आणि मागून येणारा ट्रॅक्टर फसतो. ट्रॅक्टरमध्ये काही दोष नसतो. आधीच्या चाकांनी माती मळून ठेवलेली असते, एवढंच. लष्करासाठी नवी चिलखती वाहनं निवडणाऱ्यांनाही हाच हिशेब करावा लागतो. बातम्यांमध्ये मात्र चर्चा होते ती तोफेच्या व्यासाची आणि चिलखताच्या जाडीची.

सध्या हा विषय महत्त्वाचा आहे, कारण भारतीय सेना एक मोठा बदल करू पाहते आहे. जुन्या टी-७२ रणगाड्यांच्या जागी नवे रणगाडे आणण्याच्या प्रस्तावाला संरक्षण खरेदी परिषदेने सप्टेंबर २०२४ मध्ये प्राथमिक मंजुरी दिली. बीएमपी-२ या पायदळाच्या वाहनालाही पर्याय शोधला जातो आहे. नागपूरजवळ कामठीच्या केंद्रात तयार होणारे 'ब्रिगेड ऑफ द गार्ड्स' या पायदळ रेजिमेंटचे अनेक जवान याच बीएमपीमधून लढतात, म्हणून ही निवड आपल्यापासून फार लांबची नाही.

आधी दाबाचं गणित पाहू. आपल्या महामार्गांचे पूल बांधताना इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितेतलं एक काल्पनिक वाहन हिशेबात धरतात. त्याला '७०-आर' म्हणतात. ते ७० टनांचं असून रणगाड्यासारखंच, म्हणजे पोकलेनसारख्या चेनवर चालतं. प्रत्येक चेनचा जमिनीला टेकणारा भाग ४.५७ मीटर लांब आणि ०.८४ मीटर रुंद. दोन्ही चेनचं क्षेत्रफळ मिळून सुमारे ७६,८०० चौरस सेंटिमीटर होतं. ७० हजार किलोला त्याने भागलं की दर चौरस सेंटिमीटरवर जेमतेम ०.९ किलो दाब येतो. वावरात चालणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमधली हवा साधारण एवढ्याच दाबाची असते, आणि मऊ टायर जमिनीवर जवळपास आतल्या हवेइतकाच दाब टाकतो. मोटारीच्या टायरचा दाब तर याच्या दुप्पट. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला रणगाडा मोटारीपेक्षा हलका पडतो.

मग तो फसतो कसा? एक तर हा आकडा सरासरी आहे. चेन सगळीकडे सारखी दाबत नाही. आतल्या प्रत्येक चाकाखाली दाब सरासरीच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त होतो आणि दोन चाकांच्या मधे कमी असतो. त्यामुळे एकाच वजनाच्या दोन रणगाड्यांपैकी जास्त चाकांचा, रुंद चेनचा गाडा चिखलात सरस ठरतो. दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. भार जितक्या रुंद जागेवर पसरलेला, तितका त्याचा ताण जमिनीत खोल जातो. ट्रॅक्टर वरची वीतभर माती दाबतो. रणगाड्याचा भार त्याखालच्या थरापर्यंत पोचतो, आणि पावसाळ्यात तो थरही भिजलेलाच असतो.

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. त्याच्या कणांमध्ये अतिशय पातळ थर असतात. या थरांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, आणि सुकली की आक्रसते. उन्हाळ्यात वावराला पडणाऱ्या भेगा त्यातूनच येतात. भिजलेल्या मातीची घसरणीला विरोध करण्याची ताकद फार घटते आणि मळल्यावर ती आणखी उतरते. ही ताकद मोजायला अमेरिकी सैन्याच्या अभियंत्यांनी एक साधं साधन रूढ केलं: टोकाला शंकू असलेली सळई जमिनीत दाबायची आणि किती जोर लागतो ते पाहायचं. पुढे मातीचा नमुना कुटून, मळून पुन्हा मोजायचं. वाहनासाठीही दोन आकडे काढतात. एकदाच जायला किती घट्ट जमीन हवी, आणि त्याच मार्गावरून ५० वेळा जायला किती हवी. सैन्य रांगेने चालतं, म्हणून खरा कस दुसऱ्या आकड्याचा असतो.

हे नुसतं प्रयोगशाळेतलं ज्ञान नाही. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातल्या असल उत्तरच्या लढाईत भारतीय सैन्याने शेतांत पाणी सोडलं आणि पाकिस्तानचे पॅटन रणगाडे उसाच्या ओल्या शेतांत रुतून बसले. पॅटन कागदावर आपल्या बहुतेक रणगाड्यांपेक्षा सरस होता. याच्या उलट नोव्हेंबर १९७१ मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात गरीबपूरला आपले पीटी-७६ रणगाडे उतरले. सुमारे १४ टन वजन आणि पातळ चिलखत, पण नद्या-नाल्यांच्या त्या मुलखात ते पाण्यावर तरंगू शकत होते. तिथे ती निवड अगदी योग्य होती.

तरंगण्याची अट किती कडक असते पाहा. बीएमपी-२ चं वजन १४ टनांच्या आसपास आहे, म्हणजे तरंगायला त्याने १४ घनमीटर पाणी बाजूला सारलं पाहिजे. संरक्षण वाढवून वजन २५ टनांवर नेलं तर २५ घनमीटर. तेवढं पाणी सारायला धूड मोठं करावं लागतं. मोठ्या धुडाला चिलखत जास्त लागतं, की वजन पुन्हा वाढलं. नव्या वाहनाकडून भक्कम चिलखत आणि पोहणं दोन्ही मागताना हे चक्र कुठे थांबवायचं ते आधीच ठरवावं लागतं. लडाखसाठी डीआरडीओ आणि एल अँड टी यांनी 'झोरावर' हा हलका रणगाडा विकसित करताना वजनाची मर्यादाच २५ टन धरली. माझ्या मते हीच पद्धत बरोबर आहे. आपला देशी रणगाडा अर्जुन एमके-१ए सुमारे ६८ टनांचा आहे. राजस्थानच्या मोकळ्या वाळवंटात तो शोभतो, पण ७०-आर क्षमतेचा पूल प्रत्येक नाल्यावर नसतो.

गडचिरोलीत प्रश्न निराळा, सुरुंगांचा. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ स्फोटात १५ पोलीस जवान आणि चालक मृत्युमुखी पडले. ते खासगी वाहनातून जात होते. सुरुंगरोधक वाहनाचा तळ इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा आणि जमिनीपासून उंच असतो. स्फोटाचे वायू आणि उडालेली माती त्या उतारावरून बाजूला फेकली जाते. सपाट तळाला मात्र सगळा धक्का सोसावा लागतो. उंचीचाही उपयोग होतो, कारण अंतर वाढलं की स्फोटाचा जोर झपाट्याने घटतो. पुरलेल्या सुरुंगावर ओली चिकणमाती असेल तर कोरड्या वाळूपेक्षा धक्का जास्त बसतो. म्हणून चाचणीच्या मानकांत मातीचा प्रकार आणि ओलावाही ठरवून दिलेला असतो. पण उंच, जड वाहन अरुंद कच्च्या रस्त्यावर कलंडण्याचा धोका वाढतो आणि जुन्या रपट्यांवर त्याचं वजन भारी पडतं. त्यामुळे अशा भागात वाहन कितीही चांगलं घेतलं तरी काही वाटा पायीच चालाव्या लागतात.

चाकं की चेन, या वादातही जमीनच निकाल देते. आठ चाकांचं वाहन डांबरी रस्त्यावर वेगाने जातं आणि त्याच्या देखभालीचा खर्च कमी. धावता धावता टायरमधली हवा कमी-जास्त करण्याची सोय असेल तर ते ओल्या जमिनीतही बऱ्यापैकी तग धरतं. खऱ्या चिखलात मात्र चेनच लागते. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात चिखलणीसाठी ट्रॅक्टरला केजव्हील, म्हणजे पिंजऱ्यासारखी लोखंडी चाकं लावतात आणि डांबरी रस्त्यावर येण्याआधी काढतात. रणगाडाही लांबच्या पल्ल्याला ट्रेलरवरून नेतात, कारण चेन रस्ता उखडते आणि स्वतःही झिजते. म्हणून रणगाडे घेताना ट्रेलर, रेल्वेच्या वाघिणी, पूल टाकणारी वाहनं आणि फसलेला गाडा ओढून काढणारी वाहनं यांचा खर्चही त्याच हिशेबात धरावा. आणि चाचणीसाठी गाडा उतरवताना त्याच भिजलेल्या वाटेवरून पन्नासावा गाडा निघतो का, ते पाहूनच करारावर सही व्हावी.