पार्श्वभूमी: शब्द चालतो, अर्थ कुणी विचारत नाही

ठाण्यात सोसायटीच्या क्लबहाउसात किंवा वाशी-नेरुळला कुणाच्या घरी स्क्रॅबलचा, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या पटावर लावून इंग्रजी शब्द रचायच्या खेळाचा, डाव बसला की भांडण बहुतेक वेळा लहान शब्दावरूनच होतं. सात अक्षरांच्या शब्दाला सगळे वाहवा म्हणतात. 'झेड-ए' लावला की मात्र, "हा कुठला शब्द? आधी अर्थ सांग!" लावणाऱ्याला अर्थ येत नसतो; शब्द यादीत आहे, एवढंच त्याला ठाऊक असतं. आणि नियमाने तेवढं पुरतं.

सुरुवातीला असं नव्हतं. १९३० च्या दशकातल्या मंदीत नोकरी गेलेल्या एका अमेरिकन वास्तुविशारदाने वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून हा खेळ बेतला. त्याला आजचं नाव मिळालं १९४८ मध्ये. शब्द खरा की खोटा, हे ज्याच्या त्याच्या घरच्या शब्दकोशावर सोडलेलं होतं. स्पर्धा वाढल्या तसं ते पुरेना. अमेरिकेत १९७८ मध्ये पाच शब्दकोश एकत्र करून अधिकृत कोश निघाला. पाचांपैकी एकात सापडला तरी शब्द वैध. ब्रिटनने एकाच जाडजूड कोशावर भिस्त ठेवली. तो मूळचा स्कॉटलंडचा, म्हणून तिकडचे बोलीशब्द यादीत शिरले: 'जे-ओ' म्हणजे लाडका किंवा लाडकी, 'के-वाय' म्हणजे गाई. ब्रिटिश अधिकृत यादी १९८८ ची.

१९९१ मध्ये लंडनला पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा दोन्ही याद्या चालतील असं ठरलं. दोन्हींची आद्याक्षरं उलटीपालटी करून 'सोपॉड्स' हे नाव पडलं. पुस्तकावर आता 'कॉलिन्स' हे प्रकाशकाचं नाव छापलेलं असतं, तरी आपल्याकडचे जुने खेळाडू सोपॉड्सच म्हणतात. भारतात हीच यादी चालते. तिच्यात पावणेतीन लाखांहून जास्त शब्द आहेत. अमेरिकेची यादी दोन लाखांच्या जरा आत. मोबाइलवर अमेरिकी यादी निवडलेली असेल तर घरी चाललेला शब्द तिथे नाकारला जातो. अर्ध्या तक्रारी या एवढ्याशा कारणाने होतात.

क्यूचं दुखणं वेगळं. तो एकच, दहा गुणांचा, आणि त्याच्यामागे बहुधा लागणारे यू फक्त चार. शेवटी हातात राहिला तर डाव गेलाच म्हणायचं. त्यावर उतारा ठरला 'क्यू-आय', चिनी विचारातली प्राणशक्ती. चीनने १९५८ मध्ये रोमन लिपीची नवी पद्धत स्वीकारली, म्हणून तिला क्यू मिळाला. जुन्या पद्धतीने तोच शब्द 'सी-एच-आय' असा लिहिला जाई, आणि पटावर तोही चालतो. अमेरिकी यादीत क्यू-आय आला २००६ मध्ये, पिझ्झाची शेपटी असलेल्या झेड-ए सोबत. कॉलिन्समध्ये यूशिवायचे तलाक, वक्फ, फकीर हेही आहेत. ते मराठी माणसाला कोश न उघडता कळतात, पण त्याचे जादा गुण कुणी देत नाही. त्याच सुमारास कोलकात्याच्या दोन भावांनी हा खेळ फेसबुकवर आणला. शब्द चालतो का हे संगणकच सांगू लागला, आणि ऑफिसात बसून खेळणाऱ्यांना कोश उघडायचं कारणच उरलं नाही.

खरा वाद मात्र अर्थाचाच आहे, आणि तो क्यू-आय आणि फेसबुकच्या आधीचा. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या एका महिलेला अधिकृत कोशात ज्यूंना हिणवणारा शब्द दिसला. तक्रार वाढत गेली, खेळ बनवणाऱ्या कंपनीने असे शंभराहून अधिक शब्द काढायचं ठरवलं. खेळाडू खवळले. तडजोड निघाली ती मासलेवाईक: घरगुती खेळासाठी सोवळा कोश, आणि स्पर्धांसाठी सगळे शब्द असलेली वेगळी यादी, जिच्यात अर्थच छापायचे नाहीत. ती यादी १९९८ मध्ये आली. पानामागून पान नुसते शब्द.

म्हणजे पटावरचा शब्द हा फक्त गुण मिळवून देणारी अक्षरांची रांग, हे अधिकृतपणे मान्य झालं. २०१५ मध्ये न्यूझीलंडच्या एका खेळाडूने फ्रेंच बोलता येत नसताना फ्रेंच भाषेतली जागतिक स्पर्धा जिंकली, तेव्हा त्यावर मोहोरच उठली. आणि मग पाच वर्षांत चाक उलटं फिरलं. २०२० मध्ये अमेरिकेत दोनशेहून अधिक शिवीवजा शब्द स्पर्धांच्या यादीतूनही गेले. २०२१ मध्ये अमेरिका-कॅनडाबाहेरचे हक्क असलेल्या कंपनीने कॉलिन्समधले सुमारे चारशे काढले. कोणते, हे तिने जाहीर केलं नाही. खेळाडूंना नवी यादी जुनीशी ताडून शोधावे लागले.

शिव्या गेल्याचं दुःख प्रस्तुत लेखकाला नाही. पण अर्थ बघायचा नाही असं वर्षानुवर्षं सांगून मग अर्थावरूनच कात्री चालवायची, तीही गुपचूप, हे पटणारं नाही. काढायचे होते तर नावानिशी काढायचे. "नातवंडांसोबत खेळताना बरंच झालं" असं म्हणणारेही इकडे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या घरी तो प्रश्न खरोखरच मिटला.

दोन अक्षरी शब्दांना या छाटणीची झळ लागली नाही. कॉलिन्समध्ये ते १२७ आहेत. सीने सुरू होणारा एकच, 'सी-एच', आणि व्हीचा एकही नाही. क्लबहाउसच्या कपाटातला दोन अक्षरी शब्दांचा झेरॉक्स २०१९ च्या आधीचा असेल, तर 'ओ-के', 'ई-डब्ल्यू' आणि 'झेड-ई' तेवढे पेनाने घालून घ्यावेत.