काळपुळी म्हणजेच अँथ्रॅक्स : लक्षणं कशी ओळखायची

काळपुळी हा बॅसिलस अँथ्रॅसिस नावाच्या जिवाणूमुळे होणारा आजार. मूळचा तो गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या अशा चरणाऱ्या जनावरांचा, जनावरांमध्ये त्याला फाशी पण म्हणतात, आणि माणसाला तो बहुतेक वेळा आजारी किंवा मेलेल्या जनावराचं रक्त, मांस, कातडं, लोकर हाताळल्यामुळेच होतो. माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही. नाशिक जिल्ह्यात इगतपुरीकडे डांगी गुरं, सिन्नर-येवला-नांदगावकडे शेळ्यामेंढ्या, घोटीला जनावरांचा बाजार, म्हणजे रोज जनावरात हात असणारी माणसं भरपूर, त्यांना तरी ही लक्षणं पाठ असायला हवीत.

माणसातल्या ९५ टक्क्यांच्या आसपास केसेस कातडीच्या असतात. जंतू एखाद्या खरचटलेल्या जागेतून आत जातात आणि साधारण १ ते ७ दिवसांत हातावर, चेहऱ्यावर किंवा मानेवर मच्छर चावल्यासारखी खाजणारी पुळी येते, एकदोन दिवसांत तिच्यात पाणी भरतं, मग ती फुटून जखम होते आणि मधोमध काळीकुट्ट खपली धरते, आजूबाजूला मात्र जखमेच्या मानाने खूपच जास्त सूज, पापणीजवळ असेल तर डोळा पार मिटून जातो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही जखम दुखत नाही. इथेच घात होतो, कारण दुखत नाही म्हणून माणूस हळद लावून कामाला जातो. साधं गळू ठणकतं, त्यात पू असतो. हिच्यात सहसा पू नसतो. सोबत ताप, डोकेदुखी, काखेत गाठ येऊ शकते. उपचार नाही केले तर कातडीच्या प्रकारातही १० ते २० टक्के रुग्ण दगावतात, वेळेत अँटिबायोटिक मिळालं तर मृत्यू क्वचितच होतो.

काळी खपली दिसली म्हणजे काळपुळीच असं नाही हं. स्क्रब टायफस नावाचा तापाचा आजार चिगर माइट नावाचा बारीक किडा चावल्याने होतो, त्यातही काळा डाग येतो, पण तो बऱ्याचदा जांघेत, काखेत लपलेला असतो आणि ताप जोरात असतो.

आजारी जनावराचं कच्चंपक्कं मांस खाल्लं तर पोटाचा प्रकार होतो : मळमळ, जोरात पोटदुखी, रक्ताची उलटी, रक्ताचे जुलाब, कधी घशात व्रण आणि मान सुजलेली. एकाच जनावराचं मांस खाल्लेल्या दोनचार घरांत एकदम असं सुरू झालं तर नुसतं फूड पॉयझनिंग समजून गप्प बसू नका. फुफ्फुसाचा प्रकार सगळ्यात घातक, आधी फ्लूसारखा ताप-खोकला, छातीत जड वाटणं, आणि मग अचानक दम लागून माणूस शॉकमध्ये जातो, म्हणजे रक्तदाब एकदम कोसळतो. अमेरिकेत २००१ साली टपालाच्या पाकिटांतून याच जंतूंची पावडर पाठवली गेली तेव्हा असे ११ रुग्ण झाले, त्यातले ५ गेले.

डॉक्टरकडे गेल्यावर जनावराशी आलेला संबंध आपणहून सांगा, मेलेली शेळी सोलली होती, ढोर ओढलं होतं, जे असेल ते, कारण ते कळल्याशिवाय डॉक्टरच्या डोक्यात हा आजार पटकन येत नाही. जखमेतल्या पाण्याची तपासणी शक्यतो औषध सुरू व्हायच्या आधी करतात. पुळी फोडायची नाही, कापायचीही नाही. आणि औषध चालू झालं तरी खपली लगेच पडत नाही, ती आपल्या वेळेनेच पडते, म्हणून गुण नाही असं समजून गोळ्या सोडू नयेत.

जनावरातली खूण म्हणजे काल चरत असलेलं जनावर आज अचानक मेलेलं, पोट फुगलेलं, नाका-तोंडातून, गुदद्वारातून काळपट न गोठणारं रक्त, अंग ताठरलेलं नाही. सगळ्या खुणा दरवेळी दिसतातच असं नाही. अशा जनावराला चिरायचं नाही, सोलायचं नाही, मांस वाटायचं तर अजिबातच नाही, कारण रक्त उघड्या हवेत आलं की जंतू स्पोअर (म्हणजे कडक कवचातलं सुप्त रूप) बनवतात आणि ते मातीत कित्येक वर्षं जिवंत राहतात. पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा जनावरांसाठीच्या १९६२ या हेल्पलाइन नंबरवर कळवायचं, कुत्री लांब ठेवायची, मग ते सांगतील तसं खोल पुरायचं. ज्या भागात आजार आधी होऊन गेलाय तिथे दरवर्षी पावसाळ्याआधी जनावरांना लस देतात, ती जिवंत जंतूंची असल्यामुळे त्याच सुमारास जनावराला अँटिबायोटिक दिलं तर लस वाया जाते, तेव्हा जनावर कुठल्या औषधावर असेल तर लस टोचणाऱ्याला आधीच सांगावं.