पाणपोई

वाटसरूंना विनामूल्य पिण्याचे पाणी मिळावे म्हणून रस्त्याकडेला केलेली सोय. चैत्र पाडव्याला पाणपोई घालून ती पाऊस लागेपर्यंत चालवण्याची महाराष्ट्रात जुनी रीत आहे. उत्तर कोकणात तिचा माग दूरवर जातो. नाशिकच्या पांडवलेण्यांतील उषवदाताच्या, म्हणजे क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाच्या, कोरीव लेखात डहाणूच्या नदीसह अनेक नद्यांच्या दोन्ही काठांवर त्याने पाणपोया घातल्याचा उल्लेख आहे.

ठाणे व नवी मुंबईत आज तिची गरज आहे ती रस्त्यावर राबणाऱ्यांना: रिक्षावाले, सफाई कामगार, वॉचमन, डिलिव्हरीची मुले, नाक्यावर कामाची वाट पाहणारे मजूर, वाशीच्या बाजार समितीतले माथाडी. त्यांना सोसायटीत शिरून पाणी मागायला संकोच वाटतो. म्हणून माठ कुंपणाच्या आत सावलीत आणि तोटी भिंतीतून बाहेर, ही मांडणी उत्तम: मागावे लागत नाही, माठ सुरक्षित राहतो, फुटपाथही अडत नाही. फुटपाथवर मांडायची तर आधी ठाण्यात प्रभाग समितीकडे, नवी मुंबईत विभाग कार्यालयात विचारावे.

वीस लिटरच्या माठातून साधारण शंभर पेले निघतात. वर्दळीच्या ठिकाणी तीन-चार माठ आणि दुपारी पुन्हा भरणारा माणूस लागतो. नवा माठ चोवीस तास पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून मगच वापरावा. माठ गार होतो तो पाझरलेले पाणी बाहेरून उडून जाते म्हणून. खाडीकाठच्या दमट हवेत ते मुळातच सावकाश उडते, त्यामुळे वारा खेळेल अशी जागा हवी. देणगीदाराचे नाव लिहायला माठ ऑइलपेंटने रंगवला की छिद्रे बुजतात आणि पाणी कोमटच राहते. नाव लिहायचेच असेल तर फळीवर लिहावे.

तोटीखाली लिटरची बाटली उभी राहील एवढी, म्हणजे सुमारे पस्तीस सेंटिमीटर, जागा सोडावी. एक तोटी मुलांच्या हाताला येईल अशी खाली असावी. साखळीला बांधलेला एकच पेला सगळ्यांनी तोंडाला लावणे हे दुखण्याला आमंत्रण. तोटी नसेल तर लांब दांड्याच्या ओगराळ्याने ओंजळीत किंवा बाटलीत पाणी वाढणारा माणूस बसवावा. सांडलेल्या पाण्याला खडीचा थर आणि उतार दिला नाही, तर शेवाळ धरते आणि म्हातारी माणसे घसरतात.

बऱ्याच पाणपोया उद्‌घाटनानंतर लवकरच बंद पडतात. त्याचे कारण पाण्याची टंचाई हे नसते. रोज माठ घासायचा कोणी, हे ठरलेले नसते. घासायला काथ्या वापरावा. साबण नको, तो छिद्रांत मुरतो. शिळे पाणी झाडांना घालावे. पालिकेच्या पाण्यातले क्लोरीन साठवणीत हळूहळू उतरते, म्हणून कालच्या पाण्यात आजचे ओतू नये. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेलगत कडेला चिकटतात आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. त्यामुळे नुसते पाणी बदलून भागत नाही, आतली कड घासावीच लागते. झाकण घट्ट हवे. सात जणांनी आठवड्याचा एकेक वार वाटून घेतला आणि आजारपणासाठी आठवा माणूस राखीव ठेवला, तर काम कोणा एकाच्या अंगावर पडत नाही.

कुत्र्या-पाखरांसाठी शेजारी पसरट थाळी ठेवतात. तीही रोजच घासावी लागते.