भंगारात निघालेल्या सीपीयूची वंशावळ

आपल्याकडे ‘सीपीयू’ म्हणजे प्रोसेसर नव्हे, टेबलाखालचा अख्खा पत्र्याचा डबा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा अधिकृत पाठिंबा संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, शिवाय इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. त्यामुळे धडधाकट चालणारे कितीतरी डबे एका तारखेत ‘जुने’ ठरले. नागपुरात धंतोलीतल्या एका ऑफिसातून असाच एक माझ्याकडे आला: तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, आत बोटभर धूळ. बर्डीच्या बाजारात त्याचा एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा भाग, तपासायला नेला तर दुकानातला पोरगा म्हणाला, “काका, भंगारात काऊन देता? घरचे फोटो ठेवाले लावा ना.”

त्याचं बरोबर होतं. १ जून २०२१ पासून गुगल फोटोजची मोफत अमर्याद साठवण बंद झाली, तेव्हापासून लग्नाची, बारशाची, डोहाळजेवणाची आल्बमं ठेवायची कुठे हा प्रश्न घरोघरी आहे. जुन्या मशीनमध्ये दोन डिस्क टाकायच्या, राउटरला केबल लावायची आणि घरातल्या सगळ्या फोन-लॅपटॉपना एकच कपाट द्यायचं, हा त्यावरचा इलाज. लोक त्याला जुगाड म्हणतात. मला तो शब्द इथे पटत नाही, कारण या डब्यावर चालणारी जवळजवळ प्रत्येक कल्पना स्वस्त, बेभरवशाच्या सामानातून भरवसा कसा काढायचा या एकाच खटपटीतून जन्मली आहे.

सुरुवात अर्थातच महाग होती. आयबीएमच्या १९५६ च्या रॅमॅक या डिस्कवाल्या संगणकात २४ इंची ५० तबकड्या होत्या आणि त्यांत मिळून सुमारे ५० लाख अक्षरं मावत. आजच्या फोनमधला एखादाच फोटो त्यात जेमतेम बसला असता. पुढची पंचवीसेक वर्षं मोठी डिस्क म्हणजे मोठ्या संस्थेचीच चैन होती. मग एकाची डिस्क दहा जणांना वापरू द्यायची सोय आली. १९८४ साली सन कंपनीने एनएफएस आणलं. दुसऱ्या मशीनवरची फाइल त्यामुळे आपल्याच मशीनवर असल्यासारखी उघडू लागली. साधारण त्याच सुमारास आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी एसएमबीची, म्हणजे मशीननी एकमेकांच्या फाइल मागायच्या भाषेची, मांडणी केली. विंडोजचं ‘शेअर्ड फोल्डर’ तिथून निघालं. नव्वदच्या दशकात ज्यांनी कॉम्प्युटर क्लास लावला, त्यांना नॉव्हेल नेटवेअरचा ‘एफ ड्राइव्ह’ आठवत असेल. विद्यार्थ्यांपुढच्या मशीनला डिस्कच नसे, सगळं कोपऱ्यातल्या एका सर्व्हरवर. तो बसला की तासाला सुट्टी.

खरं वळण १९८८ चं. बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध लिहिला आणि त्यात रेड (RAID), म्हणजे अनेक डिस्कचा एकत्र ताफा, ही संज्ञा मांडली. तिच्यातलं ‘आय’ म्हणजे ‘इनएक्स्पेन्सिव्ह’, स्वस्त. पुढे महागड्या यंत्रणा विकणाऱ्यांना तो शब्द अडचणीचा वाटला असणार. त्याच्या जागी ‘इंडिपेंडंट’ बसवला गेला. मूळ मांडणी मात्र सरळ होती. आयबीएमच्या ३३८० या दांडग्या डिस्कइतकी जागा पीसीत बसणाऱ्या १०० एमबीच्या ७५ छोट्या डिस्क जोडूनही मिळते, आणि वेग कितीतरी जास्त. अडचण तेवढी हिशेबाची. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकत असेल, तर शंभर डिस्कच्या ताफ्यात सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, कुठली तरी एक जाणार. म्हणून जादा डिस्कवर इतरांचा ताळा ठेवायचा; एक मेली तर उरलेल्यांवरून तिचा मजकूर पुन्हा उभा करायचा. डिस्क मरणारच, हे या निबंधाने आधीच धरून चाललं. घरच्या डब्यात दोन डिस्कवर तोच मजकूर ठेवतो तो ‘मिरर’ याच घराण्यातला.

दुसरा धागा ऑस्ट्रेलियातला. १९९१ च्या अखेरीस कॅनबरातल्या विद्यापीठात अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याला आपला पीसी युनिक्स मशीनशी जोडायचा होता. दोघांची बोलणी ज्या भाषेत चालायची, तिचे कागद हाताशी नव्हते; ती एसएमबीच होती. त्याने तारेवरून जाणारी डेटाची पाकिटं पाहून ती भाषा ओळखली आणि आपला सर्व्हर लिहिला. सुरुवातीचं नाव आधीच दुसऱ्या कंपनीचं निघालं, तेव्हा त्याने शब्दांच्या यादीत एस, एम, बी ही अक्षरं क्रमाने येणारा शब्द शोधला. सापडला ‘सांबा’. आज लिनक्सवरच्या डब्यातलं फोल्डर विंडोजला बिनतक्रार दिसतं ते या सांबामुळे, आणि त्यासाठी कुणाला एक रुपयाही लायसन्सचा द्यावा लागत नाही.

तिसरा धागा झेडएफएस, म्हणजे डिस्कवर फाइल मांडून ठेवणारी प्रणाली. सनमध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अहरेन्स यांनी २००१ मध्ये त्यावर काम सुरू केलं, २००५ मध्ये ते खुलं झालं. डिस्क नुसती मरत नाही, कधीकधी खोटंही बोलते: दिलं एक, परत केलं दुसरं, आणि तक्रार कसलीच नाही. झेडएफएस मजकुराच्या प्रत्येक ठोकळ्याची पडताळणीची बेरीज (चेकसम) वेगळ्या जागी लिहून ठेवतं आणि वाचताना ताडून पाहतं. वाण्याच्या वहीवर विसंबायचं नाही, आपलीही वही ठेवायची, तसंच. त्याच २००५ साली ऑलिव्हिए कोशार-लाबे यांनी एम-झीरो-एन-झीरो-वॉल या फायरवॉलच्या पायावर फ्रीनॅस ही प्रणाली उभी केली. छोट्याशा फ्लॅश कार्डावरून सुरू होणारं, ब्राउझरमधून हाताळता येणारं. जुना पीसी ‘नॅस’, म्हणजे नेटवर्कवरचं साठवणीचं कपाट, करण्याची घरगुती परंपरा खऱ्या अर्थाने इथून. पुढे आयएक्स-सिस्टिम्सने ते हाती घेतलं आणि २०२० मध्ये ते ट्रूनॅस झालं. दरम्यान त्याची भूक इतकी वाढली की ८ जीबी रॅमशिवाय बात नाही. फ्रीनॅसच्याच कामातले एक कार्यकर्ते फोल्कर थाइले यांनी डेबियन या लिनक्सवर ओपनमीडियाव्हॉल्ट काढलं. अशक्त मशीनला मी तेच सुचवतो.

हे सगळे शोध थंड हवेच्या खोल्यांत लागले. नागपूरच्या नवतप्यात बाहेर ४५ आणि खोलीत ३८ असताना काय? गुगलच्या लोकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास छापला. तापमान आणि डिस्क बंद पडणं यांचा संबंध अपेक्षेपेक्षा बराच सैल निघाला. फार वरच्या तापमानात आणि जुन्या डिस्कमध्येच तो ठळक होता. म्हणजे घाबरायचं कारण कमी, पण आपण नेमके त्याच टोकाला: जुन्या डिस्क आणि मे महिना. त्याच अभ्यासात मेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी ‘स्मार्ट’च्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्या, मुख्य खुणांमध्ये आधी काहीच दाखवलं नव्हतं. मी डबा कूलरच्या झोतातून काढला, कारण ती हवा गार असली तरी दमट. डिस्कसमोर १२० मिलिमीटरचा फॅन लावला. पारा ५१ वरून ४४ वर आला.

विजेचं गणित कुणी करत नाही. मशीन सतत ६० वॉट खात असेल तर महिन्याला सुमारे ४३ युनिट होतात, आणि १०० युनिटच्या कडेला असलेलं घर त्यापायी वरच्या स्लॅबमध्ये जातं. ग्राफिक्स कार्ड काढलं, डीव्हीडी ड्राइव्हची वायर सोडली, तेव्हा माझं मीटर ३८ वॉटवर थांबलं. लाइट गेली तर सावकाश बंद व्हावं म्हणून जुना यूपीएस, त्यात मात्र नवी बॅटरी. आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेला फोटो मिररवरूनही त्याच क्षणी पुसला जातो. म्हणून एक तिसरी डिस्क अमरावतीला बहिणीकडे असते, दिवाळीला आणि गुढीपाडव्याला अदलाबदल होते.

जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर मी पूर्ण तपासणी लावली. नऊ तासांनी निकाल आला: एका डिस्कवर बेरीज चुकलेले तीन ठोकळे, तिन्ही दुसऱ्या डिस्कवरून दुरुस्त. डिस्क बदलायच्या तयारीने डबा उघडला तर डिस्कला जोडणारी साटाची केबल सैल, तिची क्लिप कधीच तुटलेली. बर्डीवरून नवी केबल आणली आणि तपासणी पुन्हा लावली. शून्य.